शेतकऱ्याच्या गावी पोहोचलेला शल्यविशारद : डॉ. मुरुगप्पा मोदी

नवी दिल्ली – दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही वसाहत स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिली. आरंभी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाला पुढे सरोजिनी नायडू यांचे नाव देण्यात आले. मंत्रालयांतील कारकून, लघुलेखक व हिशेबनीस यांच्या पिढ्या येथील सरकारी निवासांत वाढल्या. त्यांत नोकरीनिमित्त दिल्लीत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही होती. आता ती जुनी निवासस्थाने पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभारल्या जात आहेत.

या वसाहतीतील कारकुनाच्या डोळ्याला काही झाले तर ते लपून राहत नसे. फायलीतील अक्षर पुसट दिसू लागले की काम अडे. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली आणि कर्मचाऱ्याच्या हाती उपचाराचे कार्ड आले. रुग्णालयात जाण्यासाठी रजा मिळे आणि त्या दिवसाचा पगारही कापला जात नसे. पुढे १९६७ साली जवळच, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारात, डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र सुरू झाले. थोडक्यात, मोतीबिंदू पिकेपर्यंत वाट पाहण्याचे कारण या कारकुनाला नव्हते.

त्याच केंद्रात हरियाणा, राजस्थान, पश्चिम उत्तर प्रदेश व बिहारच्या खेड्यांतून येणारा शेतमजूर मात्र अनेकदा दुसरा डोळाही मंदावल्यावर दाखल होतो. आजार एकच, उपचारही एकच; तरी दोघांच्या येण्यात वर्षांचे अंतर असते. या अंतराचे कारण बहुतेक वेळा अज्ञानात शोधले जाते. ते पुष्कळसे माणसाच्या व्यवसायात आहे, ही गोष्ट कोणी शास्त्रीय निबंधात मांडण्याच्या कितीतरी आधी एका नेत्रतज्ज्ञाने आपल्या कामाच्या पद्धतीतून दाखवून दिली. रोगी रुग्णालयात येत नसेल तर रुग्णालयाने त्याच्या गावी जावे, या एका विचारावर त्यांनी अर्धशतक काढले. डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी हे त्यांचे नाव.

मोदी यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९१५ रोजी बिळगी येथे झाला. हे गाव त्या काळी मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. कोरडवाहू शेती, ज्वारीचे पीक आणि पावसाची वाट पाहणारी माणसे असा हा मुलूख. सोलापूर-सांगलीकडच्या वाचकाला त्याचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. मोदी यांनी बेळगाव येथील आयुर्वेद महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली व नंतर मुंबईत नेत्रशस्त्रक्रियेचा अनुभव मिळवला. त्या काळी मुंबईत नेत्रतज्ज्ञ होणे म्हणजे प्रतिष्ठेचा व सुस्थितीचा मार्ग होता, आणि तो त्यांच्यासमोर खुला होता.

१९४२ साली महात्मा गांधींच्या आवाहनाने जे तरुण भारावले त्यांत मोदीही होते. अनेकांनी तुरुंगाची वाट धरली, काही भूमिगत झाले. मोदी यांनी देशसेवेचा अर्थ आपल्या हातातील कसबाशी जोडला. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, तेव्हाच्या बडोदा संस्थानातील पाटण येथे त्यांनी पहिले मोफत नेत्रशिबिर भरवले. तेथून जो प्रवास सुरू झाला तो पुढील पाच दशके चालू राहिला.

या शिबिरांचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळच्या खेड्यातील मोतीबिंदूचा रोगी कोणत्या स्थितीत असे ते पाहिले पाहिजे. शस्त्रक्रिया फक्त मोठ्या शहरातील सरकारी वा मिशनच्या रुग्णालयात होत असे. तेथे जायचे म्हणजे बैलगाडी, मग एस.टी. किंवा रेल्वे. दृष्टी गेलेल्या माणसाला एकट्याने जाता येत नाही, म्हणून सोबत मुलगा किंवा सून हवी. म्हणजे एका रोग्यामागे दोन माणसांचा रोज बुडे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस डोळ्यावर पट्टी बांधून पडून राहावे लागे आणि त्यानंतरही महिना-दीड महिना वाकणे व ओझे उचलणे वर्ज्य असे. पेरणी, खुरपणी, काढणी आणि खळे यांपैकी एखादे काम या काळात येणारच. सालगड्याला तर मालकाला विचारल्यावाचून दोन दिवस गाव सोडणे कठीण. म्हाताऱ्याला अंधूक दिसत असले तरी तो गोठ्यातले काम चाचपडत करू शकतो, असा हिशेब घरात होई आणि शस्त्रक्रिया पुढच्या सालावर जाई. असा हिशेब करणाऱ्या घराला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

खेड्यात डोळ्याचा इलाज करणारे कोणीच नव्हते असेही नाही. डोळ्यात सुई घालून पिकलेले भिंग मागे ढकलणारे फिरते लोक गावोगाव हिंडत. क्षणभर उजेड दिसे, पैसे दिले जात, आणि पुष्कळांचा डोळा नंतर कायमचा जाई. तरीही लोक त्यांच्याकडे का जात? कारण तो माणूस दारात येई, वेळ घेत नसे आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जायची मुभा देई. आधुनिक वैद्यकाला ही स्पर्धा जिंकायची तर त्यालाही दारापर्यंत जाणे भाग होते.

मोदी यांनी नेमके तेच केले. गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणची शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालय, जी मोठी जागा मिळेल ती तात्पुरती शस्त्रक्रियागृह होई. स्थानिक व्यापारी, देवस्थाने व सेवाभावी मंडळे जागेची, जेवणाची व स्वयंसेवकांची सोय करीत. शल्यविशारद आपल्या सहायकांसह व सामग्रीसह येई. अशी नेत्रशिबिरे साधारणतः पावसाळा सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत भरत. हवा कोरडी असे, रस्ते खुले असत आणि खरिपाची सुगी उरकत आलेली असे. रोग्याचे आप्त शेजारच्या गावातून भाकरी बांधून येत आणि संध्याकाळी परत जाऊन गुरांना चारा घालीत. मजुरीचे नुकसान पूर्णपणे टळत नसे, परंतु ते सोसण्याजोगे होई.

शस्त्रक्रियेची त्यांची पद्धत हा त्या काळी कुतूहलाचा विषय होता. टेबले ओळीने मांडलेली असत. डोळा स्वच्छ करणे, बधिर करणारे इंजेक्शन देणे, पट्टी बांधणे ही कामे प्रशिक्षित सहायक करीत. मुख्य शस्त्रक्रिया तेवढी मोदी करून पुढच्या टेबलाकडे सरकत. एकाच दिवसात मोतीबिंदूच्या ८३३ शस्त्रक्रिया केल्याची त्यांची नोंद गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. दिवसातील चौदा तास काम झाले असे मानले तरी एका रोग्याच्या वाट्याला एक मिनिटच येते. आजच्या शस्त्रक्रियागृहात वावरणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून आदर वाटेल, तशी काळजीही वाटेल; आणि दोन्ही योग्य आहेत. याच पुस्तकातील १९९३ पर्यंतच्या नोंदीनुसार त्यांनी ४६ हजारांहून अधिक गावांना भेटी दिल्या, एक कोटी वीस लाखांवर रोगी तपासले आणि सहा लाख दहा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

भारत सरकारने त्यांना १९५६ साली पद्मश्री व १९६८ साली पद्मभूषण देऊन गौरवले. पुढे बंगळुरूमध्ये त्यांच्या नावाचे नेत्ररुग्णालय उभे राहिले. त्या परिसरातील रस्ता आजही मोदी हॉस्पिटल रस्ता म्हणूनच ओळखला जातो.

त्यांच्या कार्याचे मोठेपण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. शिबिरातून परतलेल्या माणसाचे पुढे काय होई? येथे पुन्हा व्यवसाय आडवा येतो.

त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील गढूळ झालेले भिंग संपूर्ण काढून टाकीत. त्याच्या जागी आत काही बसवले जात नसे. रोग्याला सुमारे अधिक दहा क्रमांकाचा जाड भिंगाचा चष्मा दिला जाई. या चष्म्यातून वस्तू सुमारे चतुर्थांशाने मोठी दिसते, सरळ रेषा वाकतात आणि नजरेच्या कडेला एक आंधळे वलय तयार होते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहता येत नाही. ओसरीवर बसून नातवंडे ओळखणाऱ्या आजोबांना एवढी दृष्टी पुरेशी होती. बांधावरून चालणाऱ्या, विहिरीत उतरणाऱ्या वा विळ्याने कापणी करणाऱ्या माणसाला मात्र पाऊल नेमके कोठे पडते हे कळणे आवश्यक असते. शिवाय हा चष्मा घामाने घसरे, वाकल्यावर पडे, बैलाच्या शिंगाने फुटे. तो फुटला की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस जवळजवळ पूर्वीच्याच अंधारात जाई. नवा चष्मा तालुक्याला मिळे आणि तालुक्याला जायचे म्हणजे पुन्हा रोज बुडे.

विणकराची गोष्ट निराळी. मोदी यांच्याच आजच्या बागलकोट जिल्ह्यात इलकल आहे, जेथील साड्या महाराष्ट्रातील घराघरांत नेसल्या जातात. हातमागावर बसणाऱ्याला तुटलेला धागा दिसेनासा झाला की त्याच आठवड्यात मजुरी घटते. म्हणून विणकर, शिंपी, सोनार यांना दृष्टिदोष लवकर जाणवतो. शेतकऱ्याचे काम दूरवरचे व ठोकळ असते. त्याला दोष उशिरा जाणवतो आणि जाणवल्यावरही काम रेटता येते. धनगर मेंढरांमागे वर्षातील कित्येक महिने घराबाहेर असतो. पंधरा दिवसांनी तपासणीला या, असे सांगितले तरी त्या दिवशी तो कोणत्या जिल्ह्यात असेल हे सांगता येत नाही. घरकाम आणि शेतकाम दोन्ही ओढणाऱ्या स्त्रीचे कष्ट तर हिशेबात धरलेच जात नाहीत, त्यामुळे तिला त्यातून सुटीही मिळत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत स्त्रिया पुरुषांच्या मागे राहतात, हे भारतातील अनेक पाहण्यांतून दिसले आहे.

व्यवसाय नुसता उपचार लांबवतो असे नाही, तो डोळ्याला इजाही करतो. उन्हात आयुष्य काढणाऱ्यांत मोतीबिंदू व वडस यांचे प्रमाण जास्त आढळते. भाताचे तूस, उसाचे पाते, बाभळीचा काटा यांनी बुबुळावर ओरखडा उठतो. त्यात बुरशी शिरली की काही दिवसांत जखम वाढते आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. ओरखडा उठल्यानंतर लगेच प्रतिजैविकाचे मलम घातल्यास पुष्कळ जखमा टळतात, हे नेपाळातील भक्तपूर येथे गावच्या स्वयंसेवकांमार्फत झालेल्या कामातून सिद्ध झाले. त्याचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. परंतु मळणी अर्ध्यावर सोडून डोळा दाखवायला जाणारा मजूर विरळाच. तो पाणी मारतो, कोणी सांगितलेला घरगुती इलाज करतो आणि काम संपवतो.

मोदी यांच्या उतारवयात शास्त्रीय अभ्यासांनी या गोष्टींना आकड्यांचा आधार दिला. दक्षिण भारतातील खेड्यांवरील, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, शिबिर जवळ भरूनही डोळ्यांची तक्रार असलेल्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकच तेथे पोहोचले. न येण्याच्या कारणांत भीती होती, तसेच खर्च आणि घरच्या जबाबदाऱ्याही होत्या. शस्त्रक्रिया मोफत असली तरी प्रवास, जेवण, सोबतीचा माणूस व बुडालेली मजुरी मोफत नसते. त्याआधी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आधी शस्त्रक्रिया करून घेतलेला गावकरीच घरोघर जाऊन बोलला आणि प्रवास व जेवणाची सोय झाली, तर अधिक लोक तयार होतात असे दिसले होते. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे स्वतः शेतकरी कुटुंबातील. त्यांच्या संस्थेने रोग्यांना शिबिरात तपासून बसने मुख्य रुग्णालयात आणण्याची, तेथे शस्त्रक्रिया करून परत पोहोचवण्याची पद्धत रूढ केली. याच संस्थेच्या प्रयत्नातून १९९२ पासून भारतात कृत्रिम भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली.

हा बदल कामकरी माणसासाठी फार मोठा होता. डोळ्यातच भिंग बसू लागल्याने जाड चष्मा गेला आणि छेद लहान झाल्याने विश्रांतीचे दिवस घटले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबवण्यात आला. त्यात शस्त्रक्रिया तात्पुरत्या शिबिरांतून कायमच्या शस्त्रक्रियागृहांत नेण्यावर भर होता. शाळेच्या खोलीत निर्जंतुकतेची खात्री देणे अवघड असते आणि एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला तर केवढा अनर्थ होतो, हे पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा एकदा दिसले. म्हणजे मोदी यांची पद्धत शास्त्राने मागे सोडली. ती सोडणे आवश्यकही होते. मात्र शस्त्रक्रिया गावातून पुन्हा रुग्णालयात गेली तेव्हा रोग्याला तेथवर नेण्याचे ओझे कोणीतरी उचलणे भाग होते. जेथे बस गेली तेथे रोगी आला.

डॉ. मोदी यांचे ११ नोव्हेंबर २००५ रोजी निधन झाले. ते नव्वद वर्षांचे होते. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही नव्हता. तो १९७६ साली सुरू झाला. १९८६ ते १९८९ मधील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के आढळले होते. राजेंद्र प्रसाद केंद्राने केलेल्या २०१५ ते २०१९ च्या पाहणीत ते ०.३६ टक्क्यांवर आले. दरम्यान अंधत्वाची व्याख्या बदलली असल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे लागते, तरी घट खरी आहे. याच पाहणीनुसार पन्नाशी ओलांडलेल्यांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेच आहे. म्हणजे ज्याचा इलाज मोदी यांच्या तरुणपणीही माहीत होता, तोच आजार अजून पहिल्या क्रमांकावर आहे.

मोतीबिंदूच्या चिंतेत चाळिशीच्या चष्म्याकडे दुर्लक्ष झाले, हेही येथे नोंदवायला हवे. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील पाने खुडणाऱ्या कामगारांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा देऊन एक चाचणी घेण्यात आली. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. कारकुनाला चष्मा लागतो हे सर्वांना पटते. पाने खुडणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या वा कपाशी वेचणाऱ्या बाईलाही तो लागतो, हे दाखवण्यासाठी अशा चाचणीची गरज पडली.

ज्या मुलखात मोदी वाढले व शिकले, त्या बागलकोट-बेळगाव पट्ट्यात आज उसाचे मळे व साखर कारखाने आहेत. बीड आणि मराठवाड्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राप्रमाणेच या कारखान्यांवरही जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चच्या पुढेमागे संपतो. नेत्रशिबिरांचाही हंगाम नेमका तोच. गावच्या पंचायतीच्या भिंतीवर डोळे तपासणीची तारीख लागते तेव्हा कोयत्यांची घरे कुलूपबंद असतात. मागे राहिलेली म्हातारी माणसे नातवंडे सांभाळत असतात आणि त्यांना तालुक्याला घेऊन जाणारे कोणी गावात नसते.